ओळीच्या टोकाचा सेमीकोलन

रणपिसे सर विद्यार्थ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. प्रोग्रॅमिंग शिकवणारे आम्ही बाकीचे सगळे मुलांच्या खांद्यावरून वाकून, "सरक जरा" म्हणून दोन बटणं दाबायचो, चूक दुरुस्त करायचो आणि पुढच्या मुलाकडे वळायचो. लॅब भरलेली असायची, तास संपत आलेला असायचा, आणि तेच सोपं पडायचं. सर मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून मुलाच्या मागे उभे राहत आणि म्हणत, "आता मोठ्यानं वाच."

मुलगा वाचायला लागे. "स्विच, कंसात चॉइस, कंस पूर्ण. केस एक..."

"केस एक, आणि पुढे?"

"पुढे काही नाही, सर."

"काही नाही, की तू वाचलं नाहीस?"

मग मुलगा स्क्रीनकडे नीट बघे आणि एकाच्या आकड्यापुढे कोलन द्यायचा राहिलाय हे त्याचं त्यालाच दिसे.

"जे लिहिलंय ते वाचायचं," सर म्हणत. "जे लिहायचं मनात होतं ते नाही. मनातलं त्याला दिसत नाही."

'तो' म्हणजे कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा रूपात बदलून देणारा, आणि बदलता आला नाही तर चुकांची रांग समोर मांडणारा. सर त्याच्याविषयी एखाद्या जुन्या, नियमाला घट्ट अशा हेडक्लार्कविषयी बोलावं तसं बोलत. "तो जिथे अडतो तिथे बोट ठेवतो. चूक तिथेच असते असं नाही. त्याला समजेनासं झालं ते तिथे. तू वरच्या ओळीपासून बघत ये."

आमचं कॉलेज डिप्लोमाचं, कात्रजच्या पुढे डोंगराच्या अंगाला. मी कोथरूडहून स्कूटरवर यायचे, सर बिबवेवाडीहून. मी तिथे लागले तेव्हा सरांनी पन्नाशी ओलांडली होती. अर्ध्या बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला एकच पेन आणि हातात प्लास्टिकची फूटपट्टी. ती पट्टी ते स्क्रीनवर आडवी धरत आणि एकेक ओळ उघडी करत खाली सरकवत. मुलं मागून त्यांची नक्कल करायची. सरांना ते माहीत होतं. एकदा नक्कल करणाऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पट्टी चांगली धरतोस. आता ओळ पण बघ."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. नोकरीचे पहिलेच दिवस होते. मी मुलांना स्विच शिकवत होते. स्विच म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडायची सोय. एक दाबलं तर बेरीज, दोन दाबलं तर वजाबाकी, असा प्रत्येक पर्यायाचा एकेक 'केस'. मी सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहिला, चालवायला गेले आणि कंपायलरने एका अगदी साध्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत मी फक्त एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा, जाहीर केलं होतं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. मी ओळ पुसून पुन्हा लिहिली. पुन्हा तेच. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. 

सर दारातून चालले होते. थांबले. पडद्याकडे त्यांनी ओझरतंच बघितलं. म्हणाले, "मॅडम, केसच्या लगेच खाली जाहीर केलंय का काही?"

"हो."

"मग त्या केसचं सगळं महिरपी कंसात घाला. चौकटीतच सामान ठेवलंत तर तो आत येऊ देत नाही. आधी खोली करा, मग सामान लावा." एवढं बोलून ते निघून गेले. मी कंस घातले. प्रोग्रॅम चालला. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "मला पण कुणीतरी सांगितलं होतं. आणि ते तुमच्याएवढं चटकन ऐकलं नव्हतं मी." त्यानंतर आमची टेबलं शेजारी शेजारी होती, ते स्टाफरूम सोडेपर्यंत.

बोलणं पक्कं पुणेरी. आवाज चढायचा नाही, चेहरा हलायचा नाही. एकाने वारांची नावं घेऊन प्रोग्रॅम लिहिला होता: सोमवार आला तर हे कर, मंगळवार आला तर ते कर. कंपायलर काही केल्या घेईना. सर म्हणाले, "अरे, सोमवार कळण्याइतका तो शिकलेला नाही. त्याला आकडा सांग, फार तर एक अक्षर सांग. पूर्ण शब्द दिलास की बिचारा गोंधळतो. आपल्याकडेही असतात असे लोक, आपण त्यांना सांभाळून घेतोच ना?" एका मुलीच्या प्रोग्रॅममध्ये पानभर चुका निघाल्या तेव्हा ते यादी खालपर्यंत ऐकून म्हणाले, "मेहनत घेतलेली दिसते." मग तिचा चेहरा उतरलेला बघून शेजारी स्टूल ओढून बसले. "पहिली चूक काढ फक्त. बाकीच्या तिच्या ओळखीने आलेल्या असतात." पहिली काढली आणि खरंच बहुतेक यादी नाहीशी झाली.

पण सरांचंही काही ठिकाणी काही चालत नसे. वैभव नावाचा एक विद्यार्थी होता, वेल्ह्याकडचा. हुशार, पण परीक्षेत हातपाय गळणारा. वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले होते, कॉलेजकडून सर होते. वैभवला स्विचचाच प्रोग्रॅम आला. त्याने तो घडाघडा लिहिला आणि शेवटचा महिरपी कंस विसरला. कंपायलरने बोट ठेवलं अगदी तळाच्या ओळीवर, आणि ती ओळ होती रिकामी. वैभव त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसला. तिथे काहीच नव्हतं, मग दुरुस्त काय करणार? सर त्याच्या मागेच उभे होते. त्यांना पहिल्या नजरेत कळलं होतं. बोलायची परवानगी नव्हती. ते परीक्षकांना "आलोच" म्हणून व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मी शेजारच्या लॅबमधून बाहेर आले होते. विचारलं, "काय झालं सर?"

"एक कंस," ते म्हणाले. "आत राहिलो असतो तर तोंडातून गेला असता."

"खाकरायचं तरी."

"तेही सांगणंच झालं, मॅडम."

वेळ संपली. वैभव नापास झाला. त्याचे वडील त्याला घेऊन निकालाच्या दिवशी आले आणि सरांना म्हणाले, "पोराला काय येत नाय का, सर? खरं सांगा." सर म्हणाले, "सगळं येतं त्याला." वडिलांना ते पटलं नाही. सगळं येतं तर नापास कसा, म्हणाले. पुढचं सबंध सत्र ते वैभवला कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये बसवून घेत आणि मुद्दाम त्याच्या मागे उभे राहत, एक शब्द न बोलता. "मी मागे उभा असताना विचार करायची सवय कर," म्हणायचे. पुढच्या खेपेला तो पास झाला. सर स्वतः मात्र ती गोष्ट विसरले नाहीत. एखादा मुलगा कंस विसरला की त्यांचा चेहरा क्षणभर पडायचा.

नंतरच्या वर्षी सरांच्या वागण्यात बारीकसारीक फरक दिसायला लागले. त्यांनी स्कूटर बंद केली आणि बसने यायला लागले. "गर्दी फार वाढलीय," म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. चहावाल्या मावशी बाजूने ग्लास पुढे करायच्या आणि सर तसेच समोर बघत बसायचे. मावशींना वाटायचं, राग आलाय. एक नवीन सहकारी मला म्हणाले, "रणपिसे सरांना नमस्कार करायचा तर अर्ज द्यावा लागतो का हो? बाजूने दोनदा केला. बघतसुद्धा नाहीत." मी हसले. पुण्यात माणूस ओळख देत नाही याचं कुणी फार आश्चर्य करत नाही. सरांचा स्वभाव तिरकस आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लॅबमधल्या एका उघड्या कपाटाच्या दारावर त्यांचा खांदा सारखा आपटायचा. ते कपाटाला म्हणायचे, "सरक जरा."

एके दिवशी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी मंगल रणपिसे बोलते. तुम्ही ह्यांच्या शेजारी बसता ना?" आवाज थकलेला होता, पण घाबरलेला नव्हता. त्यांनी सांगितलं की सरांना काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. नजर बाजूंनी आत आत आटत चालली आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जे गेलं ते परत येणार नाही. जे आहे ते टिकावं म्हणून थेंब चालू आहेत, पण तेही टिकत नाही. "कॉलेजात कुणाला सांगू देत नाहीत. एवढंच करा, जिना उतरताना जरा बघत जा. आणि मी फोन केला होता म्हणू नका."

मग मी जिन्यात त्यांच्या एक पायरी पुढे राहून बोलत उतरायला लागले. काहीही बोलायचे. भाजीचे भाव, परीक्षेचं वेळापत्रक. बोलण्यावरून त्यांना पायऱ्यांचा अंदाज येईल असं वाटायचं. दोनतीन आठवडे गेले आणि एकदा खाली पोचल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही हल्ली जिन्यात फार बोलता."

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मंगलचा फोन आला होता ना?"

"हो."

"बोलत जा," ते म्हणाले. "उपयोग होतो."

त्या दिवशी त्यांनी स्वतःहून थोडं सांगितलं. "दुखत नव्हतं हो. दुखलं असतं तर वेळेवर गेलो असतो. मला वाटायचं चष्म्याचा नंबर बदललाय. पट्टी धरली की ओळ दिसायची. ओळ दिसत होती म्हणजे सगळं दिसतंय असंच वाटत राहिलं." मी विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या का? माझ्या ओळखीत एक आहेत. सर मला दुखवायचं नाही म्हणून "दाखवू" म्हणाले. ते आधीच तिघांना दाखवून आले होते, हे मला नंतर मंगलताईंकडून कळलं. तिघांनीही एकच सांगितलं होतं.

तरी ते शिकवत राहिले. मुलं वाचायची, सर ऐकायचे, आणि ऐकूनच चूक पकडायचे. ही त्यांची जुनीच पद्धत असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. आली ती तेजलच्या प्रोग्रॅमच्या दिवशी.

तेजल बिबवेवाडीचीच. चुणचुणीत, थोडी उतावळी. तिच्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणत होता की हे केस कुठल्याच स्विचच्या आत नाहीत. सरांनी ऐकताक्षणी विचारलं, "स्विचच्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन दिलायस का? तो दिला की स्विच तिथेच संपतो, खालचे सगळे केस उघड्यावर पडतात."

"नाही सर. कंसानंतर काही नाही."

"नीट बघ."

"बघितलं सर. तुम्हीच बघा ना."

सर वाकले. पट्टी धरली. ती ओळ त्यांनी स्वतः बघितली आणि तिथे सेमीकोलन नव्हता. मग त्यांनी तिला सगळा प्रोग्रॅम वाचायला लावला, कंस मोजायला लावले, पुन्हा पहिल्यापासून. कुठला तरी कंस आधीच बंद झाला असणार, असा त्यांचा कयास होता. तास संपत आला. बाकीची मुलं कामं टाकून बघायला लागली. तेजल रडकुंडीला आली होती आणि वाचताना शब्द गाळत होती. सरांचा धीर सुटला. मी दारात होते, त्यांचा आवाज इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

"डोळे आहेत ना तुला? मग वापर की."

शेजारच्या मुलीने तेजलच्या स्क्रीनकडे वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, तिथे आहे. लांब आहे." तेजलने कंस दिल्यावर टॅबचं बटण दोनतीनदा दाबलं गेलं असणार. सेमीकोलन होता, पण कंसापासून दूर, ओळीच्या अगदी उजव्या टोकाला, एकटा. तेजलने कंसाला लागून बघितलं होतं. सरांना ते टोक दिसण्यासारखंच नव्हतं.

तेजल म्हणाली, "पण सर, तुम्ही पण बघितलं होतंत." ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

सर सरळ उभे राहिले. पट्टी हातात तशीच. "हो," म्हणाले. "मी पण बघितलं होतं." आणि बाहेर पडताना त्यांचा हात दाराची चौकट शोधत राहिला. सगळ्या वर्गाने ते बघितलं. मी पुढे झाले नाही. पुढे झाले असते तर आणखीच दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात येऊन बसायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. हजेरी झाल्यावर ते म्हणाले, "काल तेजलला मी जे बोललो ते चुकीचं होतं. तो सेमीकोलन मला दिसला नाही. मला आता ओळीचा मधला तुकडा दिसतो, टोकं दिसत नाहीत. पुढे तोही दिसणार नाही. तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं. मी सांगायला उशीर केला."

 तेजल उठून उभी राहिली. "सर, चूक माझीच होती."

"चूक तुझीच होती," सर म्हणाले. "पण डोळ्यांचं बोलणं माझं होतं. बस."

ते सत्र त्यांनी पुरं केलं. मुलांनी आपणहून खुर्च्या आत सरकवायला सुरुवात केली, मधली वाट मोकळी राहावी म्हणून. कपाटाचं दार कुणीतरी सुतळीने बांधून टाकलं. प्रत्येक जण विरामचिन्हांसकट वाचायला शिकला. लॅबमधून एखादी प्रार्थना चालल्यासारखा आवाज यायचा: कोलन, कंस सुरू, कंस पूर्ण, सेमीकोलन. त्या वर्गाचा निकाल चांगला लागला. त्याने काही बदललं नाही. सुट्टीत एका पालकाने प्राचार्यांना विचारलं, दिसत नाही ते सर कॉम्प्युटर कसा शिकवतात? प्राचार्य चांगले गृहस्थ होते. त्यांनी सरांना बोलावून चहा पाजला, कायदा तुमच्या बाजूने आहे, नोकरीला धक्का लागणार नाही, असं सांगितलं. आणि नव्या सत्रात सरांना परीक्षा विभागात एक टेबल दिलं.

आम्ही काही जण प्राचार्यांना भेटलो. सर ऐकून शिकवू शकतात, वर्गात एक मदतनीस दिला तर पुरे आहे, असं म्हणालो. प्राचार्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण उद्या लॅबमध्ये काही झालं तर मी काय उत्तर देऊ?" आम्ही उठून आलो. कुणी दुष्ट नव्हतं त्यात. भांडायला कुणी समोर असतं तर निदान भांडलो असतो.

परीक्षा विभागात सरांना काम नव्हतं. कागद त्यांना वाचता येत नव्हते आणि ते काम कागदांचंच होतं. ते वेळेवर येत, इस्त्रीच्या शर्टात टेबलापाशी बसत, वेळेवर जात. मी जेवणाच्या सुट्टीत जायचे. एकदा विचारलं, "कसं चाललंय?"

"मला काढलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "ठेवलंय."

वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाले. मुलांनी तरी लॅबबाहेर गर्दी केली होती. कुणीतरी पाया पडायला वाकलं तर सर म्हणाले, "खाली काय शोधतोस? पडलंय का काही?" सगळे हसले, सरही हसले. तेजल मात्र हसली नाही.

मी त्यांच्या घरी अधूनमधून जायचे. बिबवेवाडीत एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर घर. सरांचे वडील खडकीला कारखान्यात होते, त्यांनी घेतलेलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्या शेजारी मुलीचा, प्रज्ञाचा, पदवी घेतानाचा फोटो. प्रज्ञा हिंजवडीला नोकरी करते. तिने सरांच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय करून दिली होती. सर त्यावर नाराज. "वाचतो छान. पण विरामचिन्हं गिळतो. मला तेवढीच हवी होती." प्रज्ञाने विरामचिन्हंही बोलायची सोय चालू केली, तर प्रत्येक कंस, प्रत्येक टिंब ऐकून कान किटले. मंगलताई म्हणाल्या, "मला पण पेपर वाचून दाखवताना स्वल्पविराम म्हणायला लावतात. बातमी कुठल्या कुठे जाते." सर म्हणाले, "स्वल्पविरामाने अर्थ बदलतो." मंगलताई म्हणाल्या, "बदलू दे. आपल्याला कुठे राज्य चालवायचंय?"

सुरुवातीला जुन्या मुलांचे फोन यायचे. दुपारी सर फोनपाशीच बसलेले असत. माझ्यासमोर एकदा तेजलचा फोन आला. ती एका कंपनीत लागली होती, तिथे अडली होती. सरांनी फोन कानाला घट्ट लावला, पाठ ताठ केली. "वाच," म्हणाले. तिने बरंच वाचलं. सरांनी मध्येच थांबवलं. "दोन केसना एकच आकडा दिलायस. तो विचारतोय, यातल्या कुणाकडे जाऊ? खालचा बदल." फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ प्रसन्न होते. मंगलताईंना चहा टाकायला सांगितला, मला दुसरा घ्यायला लावला.

मग फोन कमी झाले. मुलं आता चूक मशीनलाच विचारतात. प्रोग्रॅम चिकटवला की क्षणात उत्तर येतं, वर समजावूनही सांगतं. हे मीच सरांना सांगितलं, कारण त्यांनीच विचारलं होतं, "हल्ली मुलांना चुका होत नाहीत का?" त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. "बरंय," म्हणाले. "त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं लागत नाही ना?" मी म्हटलं, "नाही." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मी तेजलला एकदा म्हणाले, सरांना अधूनमधून फोन कर. ती म्हणाली, "मॅडम, मुद्दाम चूक करून फोन करायचा का? सरांना लगेच कळेल." ती बरोबर होती. त्यांना लगेच कळलं असतं.

उरलेली नजरही नंतर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं, असं मंगलताई म्हणाल्या. सरांनी पांढरी काठी घेतली. ती वापरायचं शिकवायला कुणीतरी काही दिवस घरी येत होतं. मी विचारलं की ते सांगत, "जमतंय. मी सोसायटीच्या गेटपर्यंत जातो, परत येतो. कोपऱ्यावरच्या दुकानात पण जातो. काळजी करू नका." त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात माझी स्कूटर दुरुस्तीला होती म्हणून मी कॉलेजातून बसने निघाले. दुपारची वेळ. बस बिबवेवाडीत शिरली आणि अडकली. पुढे कुठेतरी खोदकाम होतं. मी खिडकीशी होते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला रणपिसे सर उभे दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. त्यांना रस्ता ओलांडायचा होता. घर माझ्या बाजूला होतं. आमच्या बाजूची वाहनं थांबलेली होती, पण त्यांच्या बाजूने दुचाक्या एकामागून एक सुसाट येत होत्या. सर काठी पुढे करत, एक पाय खाली ठेवत, हॉर्न वाजला की पाय वर घेत. पुन्हा काठी पुढे करत. मी काचेवर थाप मारली. सर मधल्या गाड्यांच्या पलीकडे होते, त्यांना काय ऐकू येणार? कंडक्टरला म्हटलं, उतरू द्या. तो म्हणाला, "मधे कसं उतरवू, बाई? बाजूने दुचाक्या घुसतात. स्टॉपवर उतरा."

मी फोन लावला. सरांनी काठी काखेत धरली, पिशवी मनगटावर घेतली आणि खिशातून फोन काढला.

"बोला मॅडम."

"सर, कुठे आहात?"

"घरी," ते म्हणाले. "निवांत बसलोय. मंगल चहा करतेय. तुम्ही?"

एका ट्रकने लांब हॉर्न दिला. तो मला खिडकीतूनही ऐकू आला आणि फोनमधूनही.

"मी पण घरीच," मी म्हटलं. "सहज केला."

"बरं केलंत. या एकदा."

बस हलली. त्यांनी फोन खिशात ठेवला, तो नीट आत गेलाय ना हे वरून चाचपून बघितलं, आणि काठी परत हातात घेऊन एक पाय रस्त्यावर ठेवला.